हजेरी

चेन्नईच्या एका शाळेत हजेरीच्या वेळी ऐकलेल्या दोन शब्दांविषयी आज आपणाशी बोलावयाचे आहे.

माझी भाची व तिचे यजमान बरीच वर्षे परदेशी स्थायिक आहेत. त्यांना दहा वर्षांचा एक मुलगा आहे. एक मुलगी दत्तक घ्यावी, असे उभयतांनी ठरविले. कायद्याचे सोपस्कार पुरे होत आले, तेव्हा सात वर्षांच्या एका तमिळ मुलीला घरी नेण्यासाठी ती मंडळी चेन्नईस आली. सोबतीला मी होतो. मुलीसाठी एक सुटसुटीत, परदेशी जिभेला सोपे असे नावही आम्ही ठरवून ठेवले होते. ते सुचविले होते मीच.

कागदपत्रांची वाट पाहण्यात काही दिवस रिकामे गेले. एके दिवशी भाची म्हणाली, "मामा, तिची शाळा पाहू या का?" रीतसर परवानगी काढून आम्ही निघालो.

निराधार मुलींच्या शिक्षणाची या शहराला जुनी परंपरा आहे. देवदासी प्रथेतून सुटू पाहणाऱ्या मुलींना डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी आसरा दिला, आणि त्यातूनच १९३० साली 'अव्वै होम' ही संस्था उभी राहिली. अव्वै ही तमिळांची आदरणीय प्राचीन कवयित्री. निवाऱ्याला कवयित्रीचे नाव दिले, त्यातच छपराबरोबर अक्षरही द्यावयाचे हा संकल्प आला.

आम्ही वर्गात शिरलो तेव्हा हजेरी चालू होती. बाई एकेक नाव उच्चारीत आणि मूल उभे राहून म्हणे, "उळ्ळेन, अम्मा." अर्थ एवढाच, की 'मी आहे, बाई.' तमिळमध्ये अम्मा म्हणजे आई; पण आदराने कोणाही स्त्रीला अम्मा म्हणतात. आमच्या मुलीचे नाव आले. ती ताडकन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "उळ्ळेन, अम्मा!"

भाचीने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

१९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ साली मान्यता दिली. मुलाच्या वयाचा व समजेचा विचार करून त्याची इच्छा लक्षात घ्यावी, त्याचे संगोपन आणि सांस्कृतिक पार्श्वभूमी ध्यानी धरावी, असे तो करार सांगतो. ही कलमे मी वाचली होती. तरीही सात वर्षांच्या मुलीला नवे नाव देताना तिला विचारावे, हे काही मला सुचले नव्हते. दत्तक येणारे मूल म्हणजे कोरी पाटी, असे आपण नकळत धरून चालतो. त्या पाटीवर सात वर्षांचे लेखन आधीच झालेले होते, आणि ते पुसावयास मी ओला बोळा घेऊन निघालो होतो!

मधल्या सुट्टीत दोन्ही मुले पायरीवर बसली. तिच्या नावात तमिळांचा तो खास वर्ण आहे, जो 'तमिळ' या शब्दाच्याही अखेरीस येतो. तो आपल्या 'ळ'च्या जवळचा खरा, पण जीभ आणखी आत वळवावी लागते. परदेशी वाढलेल्या आमच्या नातवाला आपला 'ळ'सुद्धा नीट साधत नाही. तो चुके, ती हसे, आणि पुन्हा म्हणून दाखवी. भाऊ-बहिणीचे नाते त्या पायरीवर जुळले. शिकवणारी ती होती, विद्यार्थी तो.

परतताना भाची म्हणाली, "मामा, तुमचे नाव राहू द्या." मी आनंदाने ते मागे घेतले.

तिकडच्या शाळेत पहिल्या दिवशी हजेरी होईल, तेव्हा तिचे नाव बहुधा चुकीचे उच्चारले जाईल. ते दुरुस्त करून सांगण्याचे काम मुलाने आपल्याकडे घेतले आहे. आरशासमोर उभा राहून तो रोज त्याचा अभ्यास करीत असतो.