अख्ख्या ज्वारीचा वाडगा

ज्वारी म्हटली की आपल्याला भाकरीच आठवते. हुरड्याचे दिवस सोडले तर अख्खा दाणा ताटात सहसा येत नाही. वाटीभर ज्वारी रात्री भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून द्या, तिप्पट ताजं पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरला लावा. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून अर्धा तास ठेवा. दाणा फुगतो, एखाददुसरा उकलतो, पण दाताखाली जरा चिवट लागतो, तसाच हवा. उरलेलं पाणी निथळून घ्या.

आता निम्मा वाडगा ज्वारी, त्यावर वाफवलेली मोडाची मटकी, किसलेलं गाजर, काकडी, कांद्याची पात. घरात असेल ती भाजी चालेल. खरी चव आणते ती कारळ्याची चटणी, अगदी सढळ हातानं, आणि वर चमचाभर कच्चं शेंगदाण्याचं तेल. लिंबू मात्र पिळाच: त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्या-कडधान्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून गहू वर्ज्य असलेल्यांनाही ती चालते. डब्यात न्यायचं असेल तर काकडी वेगळी ठेवा, तिला पाणी सुटतं.