वर्तमानपत्राच्या दर्शनी दारावरचा कारागीर

नाशिकच्या गोदापात्रांत दुतोंड्या मारुतीची भव्य मूर्ति उभी आहे. तिची पूजा होते हें खरें. पण पावसाळ्यांत ती साऱ्या शहराची मोजपट्टीहि होते. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलें, कमरेपर्यंत चढलें, कीं गळ्याशीं आलें, यावरून पुराचा अदमास बांधण्याची तेथील चाल जुनी आहे. २००८, २०१६ आणि २०१९ सालचे मोठे पूर ज्यांनीं पाहिले, त्यांना ही मोजपट्टी समजावून सांगावयास नको. तिचा गुण असा कीं, ती कांठावर उभ्या असलेल्या कोणालाहि एका दृष्टिक्षेपांत कळते, निरक्षरालाहि कळते; आणि ती कधीं शिळी होत नाहीं.

परंतु कांठावर जाऊन पाहण्याइतकी सवड प्रत्येकाला कोठून असणार? गंगापूर धरणांतून किती क्यूसेक पाणी सोडलें, हें भांडी बाजारांतील दुकानदार आज हातांतल्या मोबाइलवर पाहतो. ती बातमी बातमीदारानें आणलेली असते आणि संपादकानें तपासलेली असते. पण ती त्या चार बोटें रुंद कांचेवर नीट उमटविण्याचें काम तिसऱ्याच माणसाचें असतें. त्याला फ्रंटएंड अभियंता असें म्हणतात. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाची जी बाजू वाचकाला दिसते, त्या दर्शनी बाजूचा हा कारागीर होय.

छपाईच्या काळीं हें काम कंपॉझिटरचें होतें. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ काढलें, तेव्हां त्याच्या पानावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत मांडलेला असे. कोणता मजकूर कोठें बसवावा हा विचार मराठी वर्तमानपत्रांच्या जन्मापासूनचा आहे, हें यावरून दिसून येईल. मात्र छापलेलें पान एकदां छापलें म्हणजे सर्वांच्या हातीं सारखेंच पडतें. संकेतस्थळाचें पान तसें नसतें. अभियंता मजकूर पाठवितो आणि त्यासोबत तो कसा मांडावा याच्या सूचना पाठवितो. एचटीएमएलनें पानाची रचना सांगितली जाते, सीएसएसनें त्याचें रूप आणि जावास्क्रिप्टनें त्याचें वर्तन. या सूचनांवरून प्रत्येक वाचकाच्या हातांत तें पान नव्यानें जुळविलें जातें. मोठ्या पडद्यावर एक रूप, लहान मोबाइलवर दुसरें. हजारों घरीं एकाच वेळीं पान जुळत असतां त्यांतील एकहि बिघडूं नये, ही त्याची जबाबदारी.

मराठी मजकुराच्या बाबतींत ही जबाबदारी अधिक नाजूक होते. एके काळीं अनेक मराठी संकेतस्थळें स्वतःचाच टंक वापरीत. तो वाचकाच्या संगणकांत नसला, तर बातमीच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसे. १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीला स्थान मिळालें, आणि पुढें त्याचा प्रसार होऊन ही अडचण सरली. तरी कांहीं अडचणी उरल्याच. ‘क्षि’ हें वाचकाला एक अक्षर वाटतें. यंत्राच्या लेखीं तीं चार चिन्हें असतात. मथळा अमुक चिन्हांवर तोडावा असा नियम इंग्रजीवरून जसाच्या तसा उचलला, तर अक्षराचेच दोन तुकडे होतात.

त्याहून मोठा धोका अर्थाचा आहे. मराठींत नकार बहुधा वाक्याच्या शेवटीं येतो. ‘धरण फुटल्याची बातमी खरी नाहीं’ हा मथळा जागेअभावीं शेवटच्या शब्दाआधीं तुटला, तर वाचकाच्या डोळ्यांपुढें काय उरेल? ‘धरण फुटल्याची बातमी खरी’! संपादकानें अफवा खोडण्यासाठीं लिहिलेलें वाक्य यंत्रानें अफवेचें समर्थन करून सोडलें. त्या रात्रीं नदीकांठचीं माणसें घाबरून रस्त्यावर आलीं, तर दोष कोणाचा? ज्या अभियंत्याला मराठी वाक्याचा स्वभाव ठाऊक आहे, तो मथळा तोडण्याऐवजीं त्याला दुसरी ओळ देईल.

पान मराठी आहे हें यंत्राला स्पष्टपणें सांगणें, हेंहि एक लहानसें पण मोलाचें काम आहे. तसें सांगितल्यास, टंकांत सोय असेल तर, ‘ल’ आणि ‘श’ हीं अक्षरें हिंदी वळणाऐवजीं मराठी वळणानें उमटतात. हेंच वळण महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें प्रमाण ठरविलें आहे. शिवाय अंधांना पान वाचून दाखविणारीं साधनें त्याच खुणेवरून योग्य उच्चार निवडतात.

आतां वेगाचा प्रश्न. पुराच्या दिवशीं एकाच वेळीं असंख्य लोक बातमी उघडतात. वीज गेलेली असते, मोबाइलचा संपर्क क्षीण असतो. इंग्रजीचें एक अक्षर एका बाइटांत मावतें, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सामान्यतः तीन बाइट लागतात. ‘गंगापूर’ एवढ्याच शब्दाला एकवीस. परंतु मजकूर दाबून पाठवितां येत असल्यानें खरा भार त्याचा नसतो; तो छायाचित्रें, टंक, जाहिराती आणि अनावश्यक जावास्क्रिप्ट यांचा असतो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलनें २०२० सालीं पुरस्कारलेला दंडक आहे. कुशल अभियंता आधीं अक्षरें पोंचवितो आणि चित्रें मागून येऊं देतो.

येथेंच त्याच्या कसोटीची खरी जागा येते. जाहिरातींवांचून वर्तमानपत्र चालत नाहीं, आणि अभियंत्याचा पगारहि त्यांतूनच निघतो. पण वाचक आंकडा वाचीत असतांना मागून आलेली जाहिरात मजकुराला खालीं ढकलते, आणि बोट भलत्याच ठिकाणीं पडतें. जाहिरात काढून टाकणें त्याच्या हातीं नाहीं. तिची जागा आधींच राखून ठेवणें मात्र आहे. वाचक आणि व्यवहार या दोघांनाहि न्याय देण्याची ही युक्ति साधी आहे. ती अमलांत आणण्याचा आग्रह धरणें तितकें साधें नाहीं.

तीच गोष्ट वेळेची. सकाळीं सोडलेल्या पाण्याचा आंकडा सायंकाळीं ताजा म्हणून दिसला, तर तो असत्यापेक्षांहि घातक. इंग्लंडच्या ‘गार्डियन’नें २०१९ सालीं जुन्या लेखांवर त्यांचें वय ठळकपणें दाखविण्यास आरंभ केला, तो जुन्या बातम्या नव्या म्हणून पसरूं नयेत यासाठींच. गेल्या पुराचीं दृश्यें यंदाचीं म्हणून फिरतात, हा अनुभव कोणत्या शहराला नाहीं?

या कारागिरांनीं जगालाहि बरेंच दिलें आहे. अमेरिकेंतील कॅन्ससच्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरींत २००३ सालीं ‘जँगो’ या साधनाचा जन्म झाला; आज तें जगभर वापरलें जातें. २ ऑक्टोबर २०१७ रोजीं बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली. बीबीसीनें आपल्या अनेक भाषांतील पानांसाठीं ‘सिमुर्ग’ नांवाची एकच आज्ञावली रचली व ती सर्वांना पाहण्यास खुली ठेवली. एक लहान वृत्तपत्र आणि एक प्रचंड संस्था, दोघांनींहि आपली विद्या झांकून ठेवली नाहीं.

नाशकांतील एखाद्या तरुणाला वा तरुणीला हें काम करावयाचें असेल, तर संगणकाच्या भाषा शिकाव्या लागतील हें उघड आहे. पण तेवढ्यानें भागणार नाहीं. पुराच्या रात्रीं दुकानाच्या फळीवर चढून, एका हातानें माल सावरीत दुसऱ्या हातानें मोबाइल पाहणारा माणूस त्याच्या डोळ्यांपुढें असला पाहिजे. त्या माणसाला जें हवें तें एका दृष्टिक्षेपांत, सत्य आणि ताजें दिसलें, म्हणजे कारागिराचें काम झालें. गोदापात्रांतला मारुति वर्षानुवर्षें दुसरें काय करीत आला आहे?