आधी पाय, मग पाठ

भिवंडीत पाठदुखी म्हटली की डोळ्यांसमोर येतो गोणी उचलणारा हमाल. त्याचं दुखणं खरंच आहे. पण अलीकडे माझ्याकडे व्यायामोपचाराला येणाऱ्यांत बसून काम करणारी मंडळी फार वाढली आहेत. माणकोली, अंजूरफाटा, पूर्णा, काल्हेर, दापोडे, जिकडे जाल तिकडे गोदामं. त्या गोदामांच्या दाराशी एक छोटी केबिन असते आणि आत कुणीतरी दहा-बारा तास संगणकासमोर बसलेलं असतं. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागतं. गाडी भरून उभी, ड्रायव्हर खिडकीतून घाई करतोय. बिल करणारी मुलगी जागेवरून उठणार कधी?

तिची कंबर धरली की शेठ नवी खुर्ची आणतात. उंच पाठीची, काळ्या रेक्झिनची, डोक्याला उशीसुद्धा. शेठची भावना चांगली असते, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. मग सगळे म्हणतात, खुर्चीच फालतू निघाली. मी एवढंच विचारतो, ‘बसल्यावर तुझे पाय कुठे असतात?’ उत्तर येत नाही, कारण पायांकडे कुणाचं लक्षच नसतं.

हिशेब सोपा आहे, जरा ऐका. आपल्याकडचं नेहमीचं टेबल ३० इंच उंच असतं. कोपर टेबलाच्या पातळीत यायचं तर मध्यम बांध्याच्या माणसाला बैठक साधारण २१ इंचांवर लागते. आता गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत मोजा. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप चपलेसकट १६ इंचांच्या आसपास येतं. म्हणजे हात टेबलाला पुरले की पाय पाच इंच अधांतरी. ती काय करते? पाय खुर्चीच्या चाकांवरच्या दांड्यांवर ठेवते. बैठकीची कड मांडीखाली रुतते, मुंग्या येतात, म्हणून पुढे सरकते. पुढे सरकली की पाठ सुटली. त्या उंच, महागड्या पाठीला दिवसभर टेकतो फक्त तिचा दुपट्टा.

म्हणून म्हणतो, आधी पाय, मग पाठ.

यंत्रमागांच्या सवयीच्या भिवंडीकरांना हे कळायला अवघड नाही. माग थडथडायला लागला, धोटा उडायला लागला तर जाणता जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, काय करतो? कापडाकडे बघत उभा राहत नाही. खाली वाकतो, मागाच्या पायांना हात लावतो. बोल्ट ढिला झालाय का, खालची फरशी खचलीय का, माग समतल आहे का, हे आधी. मालक म्हणो की नवी फणी घाल, सूत बदल. जॉबर म्हणतो, थांबा शेठ, आधी बोल्ट आवळू द्या. माणसाच्या बैठकीचे चार बोल्ट म्हणजे दोन टाचा आणि दोन चवडे. ते जमिनीला लागले नाहीत की वरचा सगळा सांगाडा थडथडतो, आणि ती थडथड कंबरेचे स्नायू दिवसभर आवरत बसतात. संध्याकाळी दुखते कंबर, बोल्ट मात्र खालचे ढिले!

पाठीला टेकायचं एवढं अगत्य का, तेही सांगतो. नाखेमसन नावाच्या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आधाराशिवाय बसलं तर उभं राहण्यापेक्षा दाब जास्त, पुढे वाकून बसलं तर आणखी जास्त. १९९९ मध्ये जर्मनीत पुन्हा मोजमाप झालं, तेव्हा बसण्याचे आकडे थोडे वेगळे आले. पण दोन गोष्टी तिथेही दिसल्या. वाकून बसलं की दाब चढतो आणि मागे रेलून बसलं की उतरतो. आता पाय लटकत असताना मागे रेलून दाखवा बरं! दोन मिनिटं जमेल, दोन तास नाही.

खुर्ची घ्यायला जाल तेव्हा ज्याची पाठ दुखते त्याला बरोबर न्या, रोजच्या चपला घालून. कल्याणहून शेठनी एकट्याने टेम्पोत घालून आणायची ही वस्तू नाही. दुकानात बैठक पूर्ण खाली करा आणि पाय अख्खे टेकतात का बघा. बऱ्याच खुर्च्या १७-१८ इंचांच्या खाली उतरतच नाहीत. मग पाठ टेकवून बसा. गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटं गेली पाहिजेत. साहेबी खुर्च्यांची बैठक इतकी खोल असते की बुटक्या माणसाची पाठ टेकली तर कड पोटरीला लागते. कंबरेच्या खळग्यात आधार भरतोय का, तेही बघा. नसेल तर पंच्याची गुंडाळी तिथे चालते. हातांचे दांडे, चाकं, जाळीची पाठ, हे सगळं नंतर.

आणि नवी खुर्ची परवडत नसेल तर? पाट घ्या, जेवायला बसायचा पाट. त्याखाली दोन पट्ट्या ठोकून चार-पाच इंच उंच करा, दोन्ही पाय मावतील एवढा रुंद ठेवा. गोदामात मोडक्या पॅलेटच्या फळ्या पडलेल्याच असतात, सुतार अर्ध्या तासात करून देईल. पुठ्ठ्याचा खोका नको, तो दुपारपर्यंत चेपतो. टेबल लाकडी असेल तर त्याचे पाय दोन इंच कापून घ्या, शेठ नाही म्हणणार नाहीत. आपल्या माणसांची मापं कुणी घेतलीच नाहीत असंही नाही. देबकुमार चक्रवर्तींचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ मध्येच काढलंय. तरी टेबलं ३० इंचांचीच, आणि…

असो, घड्याळ पुढे चाललंय. अर्ध्या तासाने एकदा उठा, चांगल्या खुर्चीतूनही उठा. पॅकिंगच्या टेबलाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांबद्दलही बोलायचं होतं. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना बसायची सोय द्यावी, असं १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्ये लिहिलेलं होतं. स्टूल मात्र किती ठिकाणी दिसतं? तो विषय मोठा आहे, आज होत नाही.

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. एकच सांगतो. पायात ताकद कमी वाटली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवीवर ताबा राहिला नाही, तर खुर्ची, पाट काही बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकीच्यांनी आज घरी टेप घेऊन गुडघ्यामागून जमिनीपर्यंतचं माप काढा, चपलेसकट, आणि चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.