कलावंताचे भांडवल

भालकीत कोणाच्या घरी गेले असता दिवाणखान्यातील कपाटात एखादी लहानशी काळी डबी किंवा फुलदाणी ठेवलेली दिसते. घरातील कोणाला तरी ती एखाद्या सत्कारात मिळालेली असते. पाहुणा ती हाती घेतो, तिच्या काळ्याभोर अंगावरील चांदीची वेल निरखून पाहतो आणि म्हणतो, "काय सुरेख काम आहे!" आणि लागलीच विचारतो, "केवढ्याला पडली?" या दोन उद्गारांत कलावंताचे सारे जीवन सामावलेले आहे. पहिल्याने त्याचे मन भरते. दुसऱ्याच्या उत्तरावर त्याची चूल अवलंबून असते.

कलावंत म्हटला की तो व्यवहारशून्य असावयाचा आणि व्यापारी म्हटला की तो रसहीन असावयाचा, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. कलेला लागणारे गुण निराळे आणि व्यवसायाला लागणारे निराळे, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. हा समज कितपत खरा आहे हे पाहावयाचे असेल, तर भालकीहून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या बिदर शहरातील बिदरीकामाकडे वळावे. ग्रंथांत शोधून सापडणार नाही असे उत्तर तेथील कारागिराच्या बैठकीपाशी मिळते.

पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. त्यांच्या आश्रयाने इराणकडील कसब आणि दख्खनचा हात एकत्र आले व ही कला येथे रुजली, असे परंपरा सांगते. तिची सामग्री साधी आहे. जस्ताचे सुमारे १६ भाग आणि तांब्याचा १ भाग वितळवून साच्यात ओततात. ओतलेले भांडे कानशीने घासून गुळगुळीत करतात. त्यावर मोरचुदाचे पाणी चोळले म्हणजे ते तात्पुरते काळसर होते आणि अणकुचीदार हत्याराने काढलेली रेघ त्यावर स्पष्ट दिसते. कारागीर मुक्त हाताने नक्षी रेखाटतो, छिन्नीने ती कोरतो आणि कोरलेल्या चरांत चांदीची तार अथवा पत्रा ठोकून बसवितो. तारेच्या कामास तारकशी म्हणतात, तर पत्र्याच्या कामास तहनिशान. त्यानंतर भांडे पुन्हा घासले जाते. त्या वेळी ते करड्या धातूचे दिसते आणि चांदी त्यात जवळजवळ हरवून जाते.

खरी कसोटी यापुढे असते. बिदरच्या किल्ल्यातील जुन्या, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागची माती नवसागरासह पाण्यात कालवून किंचित तापविलेल्या भांड्यावर चोळतात. पाहता पाहता सारे अंग काळेभोर होते. चांदीवर मात्र त्या मातीचा परिणाम होत नाही, ती शुभ्रच राहते. कित्येक दिवसांचे काम अशा रीतीने अखेरच्या काही क्षणांत डोळ्यांपुढे उभे राहते. चर वाकडा गेला असेल, तार सैल बसली असेल, तर तेही त्याच क्षणी उघडे पडते.

या कामातून कलावंताचे पहिले दोन गुण आपोआप स्पष्ट होतात. पहिला धीर. फळ दिसत नसतानाही रोजचे काम रोज त्याच निष्ठेने करीत राहणे, हा तो धीर होय. दुसरा गुण पारख. किल्ल्याची माती योग्य आहे की नाही, हे जुने कारागीर ती जिभेवर ठेवून ठरवितात. ही पारख कोणी एका दिवसात शिकवू शकत नाही. वडिलांच्या शेजारी बसून, चुकून, पुन्हा करून ती अंगी बाणते.

परंतु केवळ उत्तम हात असला म्हणजे भागते काय? एके काळी हुक्क्याचे तळ, सुरया, पानदाने ही बिदरीची मुख्य रूपे होती. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात या वस्तू मांडल्या गेल्या आणि तेथील संग्रहालयांत त्या आजही जपलेल्या आहेत. मात्र या कलेचे मुख्य गिऱ्हाईक होते हैदराबाद संस्थानातील नवाब आणि जहागीरदार. १९४८ साली ते संस्थान भारतात विलीन झाले आणि दरबारही गेले, हुक्केही गेले. नक्षी तितकीच सुंदर होती, पण ती ज्या वस्तूवर काढावयाची ती वस्तूच कोणास नकोशी झाली होती. अशा वेळी जुन्या वैभवाचे गोडवे गात बसणे सोपे असते. बिदरच्या कारागिरांनी तसे केले नाही. त्यांनी फुलदाण्या, लेखणीदाने, तबके, अंगरख्याची बटणे आणि पुढे सन्मानचिन्हेही घडविली. वस्तू बदलली, पण धातू, माती आणि नक्षीची शिस्त त्यांनी बदलली नाही. काय बदलावे आणि काय बदलू नये याचा विवेक, हा कलावंताचा तिसरा गुण मानावा लागेल.

हा विवेक गुलबर्ग्याच्या एका चित्रकाराच्या जीवनातही दिसतो. एस. एम. पंडित यांचा जन्म १९१६ साली गुलबर्ग्यास झाला. मुंबईत कलेचे शिक्षण घेऊन त्यांनी चित्रपटांच्या जाहिराती आणि दिनदर्शिका रंगविल्या. मागणीवरून केलेले काम हलके, असे मानणारे त्या काळीही होते. परंतु त्यांच्या पुराणकथांवरील चित्रांत मानवी देहाचा जो अभ्यास आणि रंगांचा जो दिमाख आहे, त्याने त्या दिनदर्शिका घराघरांतील भिंतींवर गेल्या. काम कोणी सांगितले याने कलेची प्रत ठरत नसून ते कसे केले याने ठरते, हे त्यांनी दाखवून दिले.

याच्या जोडीला दादासाहेब फाळके यांचे उदाहरण आठवते. १९१२ साली आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते विलायतेस गेले, यंत्रे घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. पत्नी सरस्वतीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने दिले आणि प्रत्यक्ष कामालाही हातभार लावला. एवढे धाडस त्या काळी क्वचितच कोणी केले असेल. पुढे १९१८ साली भांडवलवाल्या भागीदारांसह कंपनी उभी राहिली. पण लवकरच मतभेद झाले. फाळके कंपनी सोडून काशीस गेले आणि काही काळाने परतले. त्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. १९४४ साली नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या थोरवीला यामुळे तिळमात्र उणेपणा येत नाही. तथापि धाडसाने आरंभ होतो, टिकाव मात्र हिशेबाने आणि माणसे सांभाळण्याने लागतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

बिदरी कारागिराला हा हिशेब रोजच करावा लागतो. तार वजनाने विकत घ्यावी लागते, तिचा पैसा आधी गुंततो आणि वस्तू विकली जाईपर्यंत परत येत नाही. चांदी महागली की गुंतवणूक वाढते. चांदीचा कण वाया गेला तर तो मजुरीतूनच वजा होतो. भांडे ओतणारा, घासणारा, कोरणारा, तार बसविणारा असे अनेक हात एका वस्तूला लागतात. एकाने दिरंगाई केली तर सर्वांचाच शब्द खोटा पडतो. म्हणून वेळेवर काम देणे आणि सोबत्याची मजुरी न रखडविणे, हेही या कलेचेच अंग समजले पाहिजे.

आता राहिला सर्वांत मोलाचा गुण, तो म्हणजे सचोटी. डबीवरील तार चांदीची आहे की दुसऱ्या एखाद्या पांढऱ्या धातूची, हे विकत घेणाऱ्यास दुकानात सहज कळत नाही. तेथे फसविणे सोपे असते आणि त्या दिवसापुरते ते फायद्याचेही ठरते. परंतु तार खोटी निघाली तर गिऱ्हाईक एका दुकानदारालाच नव्हे, बिदरीच्या नावालाच नावे ठेवते. २००६ साली या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. कायदा नावाचे रक्षण करतो हे खरे; त्या नावावरील विश्वासाचे रक्षण मात्र अखेर कारागिराच्या हातीच राहते. कलेतील प्रामाणिकपणा आणि व्यापारातील पत, ही येथे एकच गोष्ट होते.

२०२३ साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. वडिलांच्या हाताखाली ते ही कला शिकले आणि पुढे त्यांनी ती इतरांनाही शिकविली. विद्या झाकून ठेवली तर स्पर्धा कमी होते, असे अल्पदृष्टीला वाटते. पण कारागीरच उरले नाहीत तर बाजारही उरत नाही. शिकविण्याचे औदार्य हा म्हणूनच दूरदृष्टीचा व्यवहार आहे.

आज बिदरीकाम करणाऱ्या घरातील एखादा मुलगा शाळा संपवून उंबरठ्यावर उभा असतो. समोर हैदराबाद वा पुण्याची नोकरी, मागे वडिलांची छिन्नी. त्याने काय करावे, हे दुसऱ्या कोणी सांगू नये. उपदेशाने कोणाचे पोट भरत नाही. त्याला एवढे मात्र कळले पाहिजे की, धीर, पारख, विवेक, हिशेब आणि सचोटी हे जे भांडवल वडिलांनी त्याला दिले, ते कोणत्याही पेढीत मिळत नाही, आणि तो जेथे जाईल तेथे ते चालेल. त्याचबरोबर समाजानेही आपला वाटा उचलला पाहिजे. पाहुण्याने कपाटातील डबी हाती घेऊन "केवढ्याला पडली?" असे विचारल्यास किंमत ऐकून नाक मुरडण्यापूर्वी त्याने ती डबी एकदा उजेडात फिरवून पाहावी. त्या काळ्या रंगात किती दिवस दडले आहेत, याची कल्पना आली तर दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्याला एकदमच मिळेल.