दहा माणसांची प्रार्थना

आमच्या वरवट बकालला मयतीला चार खांदे पुरतात. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना मात्र दहा माणसं लागतात. मृतासाठी म्हणायच्या ‘कद्दीश’ प्रार्थनेला परंपरेनं तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर हवेत. विशेष म्हणजे, त्या प्रार्थनेत मृत्यूचं नावही नाही. आहे ती ईश्वराची स्तुती.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे ‘शनिवार तेली’. आडनावं पेणकर, रोहेकर. घरची बोली मराठी. मुलाची सुंता आठव्या दिवशी. शुक्रवारी सांजेला आई दिवा लावते. वल्हांडणाच्या रात्री घरातलं सर्वांत लहान मूल प्रश्न विचारतं आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं. त्या रात्रीची पोथी, हगादा, १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. पोराला गप्प न बसवता विचारायला शिकवणं, हा संस्कार मला फार मोलाचा वाटतो.

मयत आमच्यासारखीच: गुस्ल, पांढरं कफन, होईल तितक्या लवकर दफन. मग सात दिवस घर शोकात बसतं, चूल शेजारी सांभाळतात.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आता गावात दहा जण जमवणं कठीण. मागे कब्रस्तानं उरली. ज्यू परंपरा म्हणते, मृतावरचा उपकार हाच खरा, कारण तो फेडता येत नाही. त्या दहांत आपली गणती होणार नाही. पण कबरीवरचं गवत काढायला, पडलेलं कुंपण सावरायला शेजारधर्म पुरे आहे.