मान्दाल : नदीचे नाव, गावाचे नाव



‘मान्दाल’ हे नाव ऐकून ते आपल्या ‘मंडळा’चेच भावंड असावे, असे कोणासही वाटेल. परंतु या दोन शब्दांत काहीही नाते नाही. आपले मंडळ म्हणजे वर्तुळ. नॉर्वेच्या भाषेत ‘दाल’ म्हणजे दरी, आणि ‘मार्ना’ या नदीच्या प्राचीन नावावरून ‘मार्नारदाल’, पुढे झिजून ‘मान्दाल’ झाले. तरीही सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या नामसाधर्म्याचा लाभ घेऊन आम्ही आपणांस त्या गावी नेऊ इच्छितो.

मान्दाल हे नॉर्वेचे अगदी दक्षिणेकडील शहर. शहर कसले, दहा-अकरा हजार वस्तीचे गावच ते. नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी पांढऱ्या रंगाची लाकडी घरे आणि अरुंद गल्ल्या आहेत. साल्मन मासळी, लाकूड आणि शिडाची जहाजे यांवर गाव वाढले. १७७९ साली त्यास व्यापारी बंदराचा दर्जा मिळाला. १८१० साली मोठी आग लागली. त्यानंतर १८२१ मध्ये बांधलेले लाकडी चर्च आजही उभे आहे, आणि त्या देशातील सर्वांत मोठ्या लाकडी चर्चमध्ये त्याची गणना होते.

१८३७ च्या कायद्याने नॉर्वेत स्थानिक स्वराज्य आले, आणि १८३८ पासून मान्दालचा कारभार निवडून आलेली नगरपालिका पाहू लागली. तिकडील नगरपालिकेकडे दिवाबत्ती व पाणी एवढेच नसते. बालवाडी, प्राथमिक शाळा आणि वृद्धांची शुश्रूषा हेही तिचेच काम. १९६४ साली शेजारची खेडी तिच्यात आली. पुढे लहान पालिका एकत्र करण्याचे देशव्यापी धोरण आले. १ जानेवारी २०२० रोजी मान्दाल, मार्नारदाल आणि लिंदेस्नेस या तीन पालिकांची एक झाली, आणि नव्या पालिकेचे नाव ठरले लिंदेस्नेस! कचेरी मान्दालमध्ये, सर्वाधिक वस्ती मान्दालची, नाव मात्र धाकट्या शेजाऱ्याचे. एकशे ब्याऐंशी वर्षांची पालिका कागदोपत्री संपली. गाव मात्र मान्दालच राहिले.

नाव गेल्याची हळहळ आपण समजू शकतो. पण याच गावाने त्याहून मोठा वियोग पाहिला होता. ब्रिटन व युरोपातील कारखान्यांचा धूर वाऱ्याबरोबर उत्तरेस जाई आणि आम्लयुक्त पाऊस होऊन कोसळे. तेथील कठीण खडकात ते आम्ल शमविण्याची शक्ती नव्हती. विसाव्या शतकात नदीतील साल्मन नाहीसा झाला. दोष गावाचा नव्हता, आणि उपायही एकट्या गावाच्या हाती नव्हता. युरोपीय राष्ट्रांनी १९७९ साली यासंबंधी करार केला, धूर हळूहळू आटोक्यात आला, आणि १९९७ पासून नदीत चुनखडीची पूड सोडण्यास आरंभ झाला. साल्मन परतला.

आता या गावाबाहेर गेलेल्या माणसांविषयी. १८१४ साली मान्दालला जन्मलेले चित्रकार आडोल्फ तिदेमान यांनी आयुष्याचा मोठा भाग जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे घालविला, पण चित्रे काढली ती नॉर्वेच्या शेतकऱ्यांची, त्यांच्या लग्नांची आणि प्रार्थनांची. परदेशी राहून त्यांनी घर रंगविले. १८६९ साली याच परिसरात जन्मलेले शिल्पकार गुस्ताव विगेलान यांचे मूळ नाव थोर्सेन. आजोळच्या वाडीचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले. गावामागे ‘कर’ लावून जगभर फिरणाऱ्या आपणांस याचे मर्म वेगळे सांगावयास नको. राजधानी ओस्लोतील ज्या उद्यानात त्यांची दोनशेहून अधिक शिल्पे आहेत, तेही आज त्या वाडीच्याच नावाने ओळखले जाते.

मित्रहो, पाट्या बदलतात, हद्दी बदलतात. कधी आपल्याच घटनेतील नावही बदलावे लागते. त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मासळी परत यावयाची तर पाण्याची निगा वर्षानुवर्षे राखावी लागते. आपल्या घरी येथे जन्मलेल्या मुलांच्या तोंडची मराठी हेच आपले पाणी. पन्नास वर्षे आपण ते राखले. पुढील पन्नास वर्षांसाठी ते काम नव्या पिढीने आनंदाने हाती घ्यावे, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.