वुडकॉकची शिकार

त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, उत्तर समुद्र ओलांडून वुडकॉक हा पक्षी ब्रिटनच्या रानांत उतरूं लागतो. भारतांत येणाऱ्या पाणलाव्याचाच हा भाऊबंद. वजन सुमारें 300 ग्रॅम, चोंच लांब, रंग वाळलेल्या पाल्याचा. रशिया व स्कँडिनेव्हियांतील जमीन गोठली, कीं गांडुळांसाठीं त्याला स्थलांतर करावें लागतें. दिवसा तो झाडींत दबून बसतो आणि अंधार पडतांच कुरणांत चरावयास निघतो. त्याला झाडींतून उठविणाऱ्या कुत्र्यांस ‘कॉकर’ हें नांव त्यावरूनच पडलें.

1981 च्या कायद्यानें इंग्लंडांत या शिकारीची मुदत 1 ऑक्टोबर ते 31 जानेवारी ठरविली. परंतु तेथेंच अंडीं घालणारे वुडकॉकहि त्याच रानांत असतात, आणि उडत्या पक्ष्यांत घरचा कोण व पाहुणा कोण, हें शिकाऱ्यास ओळखतां येत नाहीं. विणीच्या काळांतील नरांची ब्रिटनमधील संख्या 2003 सालीं सुमारें 78 हजार होती. 2013 सालीं ती 55 हजारांवर आली. म्हणून पुष्कळ जाणते शिकारी, पाहुण्यांची दाटी होईपर्यंत, म्हणजे 1 डिसेंबरपर्यंत, बंदूक उचलीत नाहींत. त्यानंतरहि एखादा छर्रा घरच्या पक्ष्यास लागावयाचाच. पाहुणे पुष्कळ असल्यानें तसा प्रसंग कमी येतो, एवढेंच.